‘नाही’ म्हणायची सोय

आमच्या घरचं सिलेंडर नेहमी संध्याकाळीच संपते, अन तेही पावसाळ्यात, जेव्हा चुलीसाठी रचून ठेवलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या भिजून बसलेल्या असतात. २०२४ च्या जुलैमधली ती संध्याकाळ मला अजून दिसते. कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी काही येईना, वाकून पाहिलं तर ज्योत पिवळी होऊन फडफडली अन गेली. हे ओसरीत बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून राहिले होते, ती प्लास्टिकची पन्नी दोन्ही तळव्यांत धरून, मान खाली. मी म्हटलं, सिलेंडर संपलं जी, पैसे द्या न.

"नाही बा."

बस. दोन शब्द अन त्यांचा विषय संपला. माझा कुठून संपते? वरण अर्धं कच्चं, पोट्टा ताट घेऊन बसलेला, पोरगी माझ्या तोंडाकडे पाहून राहिलेली. शेवटी जाऊच्या घरून भरलेलं सिलेंडर उसनं आणलं, अन गाडी गावात आली तेव्हा बचत गटाच्या हप्त्याचे म्हणून डब्यात ठेवलेले आठशे अन वरचे चिल्लर काढून ते फेडलं. गटात मग मला दंड बसला. दहा रुपयांचाच होता, पण मी गटाची सचिव, सगळ्यांच्या हप्त्याची वही मीच लिहिते, अन माझ्याच नावापुढे दंड लिहायची वेळ माझ्यावरच आली.

त्या रात्री एक गोष्ट डोक्यात जी घुसली ती निघालीच नाही. या घरात ‘नाही’ म्हणायची सोय फक्त यांना आहे. मी नाही म्हटलं तर स्वयंपाक होत नाही, म्हणून मी कधी म्हणतच नाही. अन मी म्हणत नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे.

आता आधीच सांगून ठेवते, आमचे हे दारू पीत नाहीत. आमचा वर्धा जिल्हा, १९७४ पासून दारूबंदीचा, ज्याला प्यायची तो आणतेच कुठून तरी, पण हे नाही पीत. हातही कधी उचलला नाही. अन म्हणूनच माझी तक्रार कोणाला तक्रारच वाटत नव्हती. सासूबाई म्हणायच्या, "पेत नाही, मारत नाही, अजून काय पायजे तुले?" माझी आईही तेच, फक्त थोडं गोड करून, "निभवून घे माय, लेकरं मोठी झाली का सगळं होते." लेकरं मोठी होईपर्यंत खाणार काय, ते कोणी सांगत नव्हतं.

लग्न २०११ चं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, होते तोवर पैसा त्यांच्याकडे, किराणा महिन्याचा एकदाच यायचा, कोणाला काही मागायची गरज पडत नव्हती. ते गेले, भावाभावांत वाटणी झाली, आमच्या वाट्याला पाच एकर आलं, तीन एकरात पऱ्हाटी अन दोनात सोयाबीन-तूर. तेव्हापासून घरखर्च कोणाचा हे कधी ठरलंच नाही. मी शाळेत खिचडी शिजवते, त्याचे महिन्याला आधी १५०० मिळायचे आता २५०० मिळतात, तेही कधी तीन महिन्यांचे एकदम येतात. बाकी दिवस निंदण, सवंगणी, वेचणी जे मिळेल ते. सुरुवातीला मी आपली खुशीखुशीत घरात घालत गेली. हे शेताचं पाहतात, मी घराचं पाहते, बरोबरच आहे असं वाटायचं. पण शेताचा पैसा वर्षातून दोनदा येते अन कृषी केंद्राची उधारी, पीककर्ज, ट्रॅक्टरवाल्याचे यातून जे उरते ते किती उरते हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. विचारलं का एकच, "शेतातच गेले."

खोटं कशाला बोलू, यात माझीही चूक होती. मी झाकत गेली. किराणा अठराशेचा झाला तर बाराशेचा सांगायची, का तर हे चिडतील. पोरीला बूट घेतले तर मामानं दिले म्हणायची. पंपासाठी यांना तीस हजार पाहिजे होते तर एका फायनान्सवाल्यांच्या ग्रुपमधून माझ्या नावावर काढून दिले, कारण तिथे बायांनाच लोन मिळते. पंप यांचा, सही माझी, अन दर पंधरा दिवसांनी ७६० रुपये भरायला तिसऱ्या घरच्या अंगणात मीच जाऊन बसते. एकीनं नाही भरले तर बाकीच्यांना भरावे लागतात, म्हणून तिथेही नाही म्हणायची सोय नाही. दहा-बारा वर्षं अशी झाकाझाक केल्यावर माणसाला घर आपोआपच चालते असं वाटणारच न.

त्याच जुलैमध्ये लाडकी बहीणचे फॉर्म सुरू झाले. गावात नुसती जत्रा. आधार लिंक, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, सर्व्हर डाऊन, परत उद्या या. ऑगस्टमध्ये राखीच्या आधी दोन महिन्यांचे मिळून ३००० खात्यात आले. खरं सांगते मला रडू आलं, कारण माझ्या नावावर कोणाला न मागता आलेला पहिला पैसा होता तो. तीनच दिवस टिकला आनंद. दुकानदाराकडे यांच्या नावाचं खातं होतं, हे तिथे चारसहा महिन्यांतून काहीतरी टाकायचे. मी तेल आणायला गेली तर तो म्हणे, वहिनी, भाऊ सांगून गेला का आता खातं बंद कर, तिला सरकार देते. घरी येऊन विचारलं तर म्हणतात कसे, "मंग? तुले पंधराशे भेटते न महिन्याचे, आता मले कायले मागतं?"

म्हणजे जे थोडंथोडं येत होतं तेही गेलं. योजना चांगली का वाईट हे मोठ्या लोकांनी बोलावं, माझ्या घरात मात्र ते पंधराशे माझ्या हातात येण्याआधीच यांच्या खिशात राहून गेले, असा तो हिशेब झाला.

हे सगळं मी उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, आमच्या सीआरपी ताईजवळ बोलली, गावातले गट तीच पाहते, गटाची मीटिंग झाल्यावर, चपला घालता घालता. ती म्हणे, पंचसूत्री काय असते सांग. मी धाडधाड सांगितलं, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशेब लेखन. ती म्हणे, अकरा बायांचा हिशेब तू पैशापैशानं लिहितं अन सोताच्या घरचा नाही? मला लाजच वाटली. पोरीची जुनी अर्धी वही होती, मागून सुरू केली.

ऑगस्टचा पूर्ण महिना लिहिला. किराणा २४८०, दूध रोजचं अर्धा लिटर तर ९००, सिलेंडर, लाईट बिल, फायनान्सचे दोन हप्ते, पोरीचा शाळेचा ऑटो, सासूबाईंच्या गुडघ्याचं औषध, गटाची बचत, सगळं मिळून ८,६२५. त्यात यांचे किती? नागपंचमीला दिलेले ५०० अन पोट्ट्याला पेनसाठी २०. बाकी सगळं माझ्या खिचडीचं, निंदणाच्या रोजीचं अन लाडक्या बहिणीचं. अन एका कोपऱ्यात मी खर्रा लिहिला. वीस रुपयांचा एक, दिवसाचे तीन, एकतीस दिवस. १८६०. बेरीज दोनदा करून पाहिली. सरकार मला महिन्याला जेवढे देते त्याच्यापेक्षा जास्त तर यांच्या गालात जाऊन राहिले होते.

इथे मी मोठा गाढवपणा केला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, घरी यांचा दोस्त बसलेला, सासूबाई बसलेल्या, अन मी वही आणून मोठ्यानं वाचली. खऱ्र्याचा आकडा वाचताना तो दोस्त हसला. झालं. हे उठले, वही अंगणात फेकली, चिखलात, अन म्हणाले, "बीटी बियाण्याचं एक पाकीट ८६४ ले आहे, ते का तुह्या बापानं आणून देल्लं? खताचं लिहिलं? फवारणीचं लिहिलं?" अन दोन दिवस घरी जेवले नाहीत. मला वाटलं होतं आकडे बोलतील. चारचौघांत आकडे बोलत नाहीत, माणसाचं नाक बोलते. अन त्यांचंही एका अर्थानं बरोबर होतं, शेताचा खर्च मी लिहिलाच नव्हता, कारण मला माहीतच नव्हता. वही धुऊन वाळवली, पानं लाटलेल्या पापडासारखी झाली, पण वाचता येतात.

सप्टेंबरमध्ये मी तालुक्याला गेली. अर्ध्या तिकिटानं, २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं आहे म्हणून, नाहीतर तेही दोनदा विचार केला असता. घरी सांगितलं बँकेत काम आहे. कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते, तिथे बाईला वकील फुकट मिळते, उत्पन्न कितीही असो. एक वयस्कर वकीलबाई होत्या. मी म्हटलं मॅडम, मारत नाही, पीत नाही, फक्त देत नाही, याला काही कायदा आहे का. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या २००५ चा जो कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे त्यात आर्थिक छळ हा शब्दच आहे, घरखर्चाला पैसे न देणं त्यात येते, त्यासाठी मार खाल्लेला असला पाहिजे असं काही नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. दुसरं म्हणजे पोटगी, आधी १२५ कलम म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात ते १४४ झालं. मी सगळं वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, राहायचं आहे का त्याच्यासोबत? मी म्हटलं हो. खरंच हो. वाईट माणूस नाही तो, रात्री पोराला ताप आला तर दोन-दोन वाजेपर्यंत पाठीवर घेऊन फिरते. मॅडम म्हणाल्या, मग आज अर्ज करू नको, पण दार कुठे आहे ते पाहून ठेवलं न आता. अन जाता जाता एक विचारलं, "घरच्या शेतात वेचते का तू?" वेचते न. "किती मिळतात?" मी म्हटलं, घरच्या शेतात कोण पैसे देते? त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं पाहिलं माझ्याकडे.

एसटीत बसून मी हिशेब केला. तीन एकरात वीसेक क्विंटल कापूस होते बऱ्या वर्षी. वेचणी दहा रुपये किलो, म्हणजे क्विंटलला हजार, म्हणजे वीस हजार. दरवर्षी अर्ध्याच्या वर तर मी एकटीच वेचते, अन सोयाबीनचं निंदण वेगळं. सेलूचा स्टॉप येऊन गेला तरी मला कळलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी कापूस फुटला. दिवाळीच्या आधी आमच्याकडे सीतादही करतात, पहिल्या वेचणीला, शेतात पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य. मी सगळं रीतीनं केलं, नवं लुगडं नेसून गेली, झाडाला हळदकुंकू वाहिलं, पहिली पाच बोंडं वेचली. अन दुसऱ्या दिवशी सकाळी डबा बांधून शेजारच्या शिवारात दुसऱ्याच्या वावरात वेचायला गेली.

तीन दिवस यांना वाटलं नाटक आहे. चौथ्या दिवशी धुऱ्यावर येऊन उभे राहिले. मी ओटीत कापूस भरून राहिली होती, आजूबाजूला आठ बाया, सगळ्यांचे कान इकडेच. हे हळूच म्हणाले, "घरचा कापूस लोंबून राहिला अन तू इथं?"

मी म्हटलं, "इथं दहा रुपये किलो आहे जी."

मला माहीत आहे मागच्या वेळी चारचौघांत बोलून फसली होती, पण या वेळी मी आवाज चढवला नाही अन खऱ्र्याचं नाव घेतलं नाही. ते गेले. आभाळ भरून येत होतं, ओला झाला तर कापसाला कोणी विचारत नाही, म्हणून त्यांनी बाजूच्या गावच्या पाच बाया ठरवल्या, अकरा रुपये किलोनं, वरून ऑटोचं भाडं. दोन दिवसांत पाच क्विंटल निघाला. संध्याकाळी काटा झाला, बाया ओसरीत बसल्या. अन वेचणीच्या बाया पैसे घेतल्याशिवाय उठत नाहीत, हा रिवाज आहे. मी दारात उभी राहून पाहून राहिली होती. यांनी आत जाऊन पेटीतून नोटा आणल्या, थुंकी लावून मोजल्या अन एकेकीच्या हातात ठेवल्या. साडेपाच हजार, अन सातशे ऑटोवाल्याचे.

माझ्या मनात आलं, अरे, आता कसं नाही आलं तोंडातून ‘नाही बा’?

बोलली नाही. पण त्यांनी माझं तोंड पाहिलं असावं. रात्री जेवण झाल्यावर, सासूबाई झोपल्यावर, स्वतःच म्हणाले, "सांग, काय पायजे." बारा-तेरा वर्षांत पहिल्यांदा. मी वही आणली पण उघडली नाही, नुसती जवळ ठेवली. मी म्हटलं माझ्या हातात पैसे देऊ नका, तुम्हाला ते जड जाते. सिलेंडर, लाईट बिल, दुकानाचं खातं हे तुमचं. फायनान्सचा हप्ता तुमचा, कारण पंप तुमचा. दूध, भाजी, लेकरांचं, सासूबाईंचं औषध माझं. अन घरचा कापूस मी वेचते. ते बराच वेळ पाय हलवत बसले. हप्त्यावर अडले, म्हणाले बायांच्या मीटिंगमध्ये मी जाऊन बसू का? मी म्हटलं मी बसते, सकाळी ७६० माझ्या हातात ठेवा. हातात देऊ नका म्हणणारी मीच, तिथे लगेच मोडलं, पण असो.

डिसेंबरात हिंगणघाटला गाडी नेली. हमीभाव लांब धाग्याचा ७५२१ होता, व्यापारी सात हजाराच्या आसपासच मागत होते, आमच्या मालात पहिल्या वेचणीचा ओलावा, मग जसा गेला तसा गेला. परत येताना हे दुकानात ४००० जमा करून आले अन चिठ्ठी माझ्यापुढे टीव्हीवर ठेवली, लेकरानं मार्कशीट ठेवावी तशी. मी पाहिली, म्हटलं, हं. जास्त कौतुक केलं असतं तर उपकार झाले असते.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. सिलेंडर येत राहिलं, पण लाईट बिल मागे पडलं, एक महिना, दोन, तीन. "भरतो, भरतो." मार्चमध्ये लाईनमन आला अन कापून गेला. माझ्या डब्यात तेव्हा बाविसशे होते, बिल एकोणीसशेचं. ही माझ्यासाठी सगळ्यात कठीण रात्र होती, वेचणीपेक्षाही. पोरीची परीक्षा होती, तिला पुस्तक देऊन जाऊच्या घरी पाठवलं अन मला वाटलं मी बाई आहे का कोण. पंखा बंद, मच्छर, सासूबाई अंधारात पुटपुटून राहिल्या, "आजकालच्या बाया..." हे खाटेवर मोबाईल घेऊन पडलेले, स्क्रीनच्या उजेडात नुसता चेहरा दिसे. मग बॅटरी संपली तर तोही दिसेना.

अंधारातून आवाज आला, "तुह्याजवळ आहेत का थोडेसे?"

मी म्हटलं, "नाही बा."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. डबा माझ्या उशाशीच होता. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी हे कोणाच्या तरी फोनवरून बिल भरून आले, जोडणीचे वेगळे लागले ते पण. पोरगी त्या पेपरात कशीतरी पास झाली, गणितात. ते माझ्या मनात आहे अजून, ते काही जाणार नाही.

आता सातबाऱ्याचं चालू आहे. लक्ष्मीमुक्ती म्हणून योजना १९९२ पासून आहे, नवऱ्यानं स्वतः अर्ज केला तर बायकोचं नाव जमिनीत सहहिस्सेदार म्हणून लागते, फी लागत नाही. गटात आम्ही चार जणींनी अर्ज आणले. एकीचं नाव लागलं. माझा अर्ज टीव्हीखाली आहे, वरून गौरीगणपतीचं कॅलेंडर ठेवलं यांनी, मुद्दाम का चुकून ते विचारलं नाही. सासूबाई म्हणतात, "नाव लावून का करतं, वावर घेऊन जातं का माहेरी?"

वही चालू आहे. आता मी त्यात शेताचंही लिहिते, यांना विचारून, खताचं पोतं, फवारणीची रोजी, डिझेल. विचारलं का सांगतात, थोडे कुरकुरत. वही कपाटावर असते, कुलपात नाही. मागच्या आठवड्यात पान उलटलं तर खऱ्र्याच्या रकान्यात माझे ६० कोणीतरी खोडलेले अन बाजूला ४०. निळ्या पेनानं. माझा पेन काळा आहे.

खरंच दोनच खाल्ले का नुसतं खोडलं, मला काय माहीत. बेरीज मी ४० धरूनच केली.